विमान मनात भरलंय, आता ते घ्यावं का?

पत्र

लायसन्स मिळाल्यापासून मी पुढे चाक असलेली, नोजव्हीलचीच विमानं उडवत आले. माझ्या प्रशिक्षकांनी वयोमानामुळे उडणं थांबवायचं ठरवलं आणि त्यांचं १९४६ सालचं सेस्ना १४० विकायला काढलं. "घेच म्हणत नाही, आधी उडवून तर बघ," म्हणाले. त्यांचा शब्द मोडवेना म्हणून गेले. विमान पाहिलं आणि मन खट्टू झालं. दोघांपुरती चिंचोळी जागा, ८५ अश्वशक्तीचं इंजिन, पंखांवर पत्र्याऐवजी कापड, शेपटीखाली एवढंसं चाक. उतरताना टेकवलं की उसळायचं आणि धावपट्टीवर सरळ म्हणून राहायचं नाही. घामाघूम होऊन बाहेर पडले आणि ठरवलं, सरांना गोड बोलून नाही सांगायचं.

पण सरांनी पाठ सोडली नाही. शेजारी बसून शिकवत राहिले. काही आठवड्यांनी, एका संध्याकाळी उतरताना बाजूने वाऱ्याचा झोत आला आणि मला कळायच्या आत माझे पाय रडरवर, म्हणजे शेपटीचा उभा पाता वळवणाऱ्या पेडलांवर, हलले होते. विमान सरळ राहिलं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. काम करता करता वारा कुठल्या दिशेचा आहे ते बघत असते.

नवरा म्हणतो, ही भुरळ आहे, ऐंशीच्या घरातल्या विमानात कुणी पैसे घालतं का? तो चांगला उंचापुरा आहे, त्यामुळे आपण त्यात बसू तरी शकू का, इथूनच त्याची सुरुवात आहे. सरांशी व्यवहाराचं कसं बोलायचं तेही कळत नाही. पहिल्या दिवशी आलेल्या शंका खऱ्या होत्या, की आता वाटतंय ते खरं? मी प्रेमात आंधळी झाले आहे का?

— शेपटीच्या चाकाशी अडकलेली

उत्तर

घ्या. पण तपासणी होईपर्यंत बयाणा देऊ नका, आणि सरांना शब्दही देऊ नका.

आंधळेपणाचं आधी बोलते, कारण तुमच्या पत्रात खरी टोचणी तिथे आहे. जुन्या विमानांवर भाळणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. बहुतेकांचं प्रेम हँगरचं दार उघडतं तेव्हाच जडतं: चकचकीत रंग, गोलसर शेपूट, इंजिनाचा तो सावकाश आवाज. अशा माणसांची मला काळजी वाटते, कारण त्यांनी विमान अजून उडवलेलं नसतं. तुमचं उलट झालं. तुम्हाला विमान दिसायला आवडलं नाही, बसायला आवडलं नाही, उतरवायला तर मुळीच आवडलं नाही. तरी आठवडे गेले आणि ते आवडायला लागलं. या प्रेमाला ओळख आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही.

पण ते जडलं कुठे? हवेत आणि धावपट्टीवर. तुम्ही विकत घेणार आहात त्यातला बराचसा भाग सीटखाली, कापडाआड, शेपटीच्या पोकळीत आणि लॉगबुकांच्या, म्हणजे उड्डाण-दुरुस्तीच्या नोंदवह्यांच्या, पानांत आहे, आणि तिथे तुम्ही अजून डोकावलेल्या नाहीत. म्हणून पहिल्या दिवशीच्या शंका टाकून देऊ नका. एकेक घेऊन तपासू या. त्यातल्या काही तुमच्या पायांनी केव्हाच सोडवल्या आहेत, काही मेकॅनिक सोडवील, आणि एक-दोन कायम राहतील, त्यांना सांभाळूनच उडायचं आहे.

सरळ न राहण्याची शंका पहिली. तुम्ही शिकलात त्या विमानांत मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात. विमान धावताना जरा वाकडं झालं तर त्याचं वजनच त्याला पुन्हा सरळ ओढतं. १४० मध्ये मुख्य चाकं पुढे आणि वजन त्यांच्या मागे. नाक थोडं वळलं की मागचं वजन बाहेर सरकतं, आणि जितकं सरकतं तितकं आणखी सरकायला बघतं. वेळीच पाय पडला नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं, पंखाचं टोक जमिनीला घासतं आणि विमानाचे पाय, म्हणजे चाकं ज्यांना जोडलेली असतात ते, मुरगळतात. ग्राउंड लूप म्हणतात तो हाच. त्यात विमानाचा दोष काही नाही. त्याची मांडणीच तशी आहे, आणि ती पायांकडून सतत, छोट्या छोट्या सुधारणा मागते. चूक दिसल्यावर दाबलेलं पेडल उशिराचं ठरतं. चूक व्हायला लागताक्षणी दाबलेलं पेडल, तेही अर्ध्या अंगठ्याएवढं, पुरतं.

तुम्ही लिहिलेली संध्याकाळ म्हणजे नेमकं हेच. वाऱ्याचा झोत आला, तुमच्या बैठकीला तो बाजूचा किंचित धक्का जाणवला, आणि डोळ्यांनी नाक वळलेलं पाहण्याआधी पाय गेला. विमान पहिल्या दिवशी होतं तसंच होतं. नोजव्हीलच्या विमानात हा धक्का तुम्हाला वर्षानुवर्षं मिळत असणार, पण त्याचं काही करावं लागत नव्हतं, म्हणून शरीराने तो कानाआड केला. आता करावं लागतं. जुनी विमानं माणसाला धरून ठेवतात त्यामागे बऱ्याच अंशी हेच असतं, असं मला वाटतं. हात-पाय आणि बैठक सगळी कामाला लागतात, आणि काम नीट झालं की ते लगेच, अंगाला कळतं. जे मिळवायला कष्ट पडले त्याच्यावर जीव जडतो, यात भुरळ कसली?

एवढं मात्र सांगते: झोत परतवला म्हणजे शिक्षण संपलं असं समजू नका. १४० उतरवताना सगळ्यात फसवा टप्पा टेकल्यानंतरचा असतो. वेग बराच असतो तोवर रडरवरून वाहणारी हवा जोरकस असते, पाय दाबला की उत्तर येतं. वेग उतरत जातो तसा रडर मऊ पडतो आणि मागच्या चाकाची पकड अजून पुरती आलेली नसते. नेमकं त्याच वेळी माणसाला वाटतं, उतरलो बाबा, आणि पाय सैलावतात. कंट्रोल व्हील, म्हणजे हातातलं चाक, पोटाशी, एलेरॉन, म्हणजे पंखांच्या टोकांजवळच्या हलत्या पट्ट्या, वाऱ्याकडे आणि पाय जिवंत, विमान उभं राहीपर्यंत. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चाकांवरून चालवतानाही हेच. मागून तिरका वारा असेल तर व्हील पुढे आणि एलेरॉन वाऱ्यापासून दूर. हे सगळं सरांनी शिकवलं असणार. मी पुन्हा लिहिते आहे, कारण प्रेमात पडलेला वैमानिक पहिल्यांदा विसरतो ते हेच.

उसळण्याचं कारण समजून घेतलंत तर ते कमी टोचेल. या विमानाचे पाय म्हणजे पोलादाच्या सपाट, लवचीक पट्ट्या. ही कल्पना स्टीव्ह विटमन या शर्यतीच्या विमानांच्या वैमानिक-रचनाकाराची. सेस्नाने ती घेतली, १२० आणि १४० या जोडगोळीत वापरली, आणि पुढे अनेक विमानांत तिचेच अवतार आले. दणकट, साधी, देखभाल जवळपास नाहीच. पण तेलाचा शॉक अॅब्सॉर्बर धक्का गिळून टाकतो, पोलादी पट्टी तो साठवते आणि परत करते. त्यात वजन चाकांच्या मागे, म्हणून टेकताक्षणी शेपूट खाली जाते, पंखांचा हवेशी कोन वाढतो, पंख पुन्हा उचलतात, आणि तुम्ही परत हवेत. तिन्ही चाकांवर उतरायचं असेल तर जमिनीच्या हातभर वर विमान धरून ठेवायचं, आणखी धरायचं, त्याची उडायची ताकद संपेपर्यंत धरायचं. घाई केलीत की उसळलं. थोडं उसळलं तर व्हील मागे धरून शांतपणे पुन्हा बसू द्यायचं. जास्त उसळलं तर पॉवर देऊन वर जायचं, आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचा नाही.

आता ब्रेक. सुरुवातीच्या १४० ला जोरात ब्रेक लावले की नाकावर जायची खोड होती. म्हणून पुष्कळ मालकांनी चाकं थोडी पुढे नेणारे जोड बसवून घेतले, आणि नंतरच्या विमानांत कंपनीने पायच पुढे झुकवले. तुमचं विमान ४६ सालचं आहे, तेव्हा हे जोड आहेत का ते आधी बघा. असतील तर नाकावर जाण्याची भीती कमी होते, पण शेपटीवरचं वजन वाढतं, ग्राउंड लूपला जोर मिळतो, आणि चाकाला बसणारा प्रत्येक हिसका पाय जिथे धडाला जोडलाय तिथे जास्त पीळ देतो. काही जाणते मालक हे जोड काढून टाकतात आणि ब्रेक हलक्या पायाने वापरायला शिकतात. मलाही तेच पसंत आहे. तरी निर्णय तुमचा मेकॅनिक विमान पाहून देईल तो घ्या.

इथून वयाच्या शंकेवर येऊ. नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे, पण त्याने विमानाचं वय विचारलं आणि विचारायला हवी होती त्याची स्थिती. कमी उंचीवर, कमी वेगाने, हवाबंद केबिनशिवाय उडणाऱ्या लहान विमानाच्या धातूला वर्षांनी सहसा फारसं काही होत नाही. त्याला गंज खातो, उंदीर खातात, आपटलेली लँडिंग खातात आणि अर्धवट दुरुस्त्या खातात. १२०, १४० आणि १४०ए मिळून १९४६ ते १९५१ या काळात साडेसात हजारांहून जास्त विमानं बनली. युद्धावरून परतलेले वैमानिक घरोघरी विमानं घेतील या आशेवर १९४६ साली अमेरिकेत लहान विमानांचं उत्पादन नुसतं उसळलं होतं, आणि तुमचं विमान त्याच लाटेतलं. ती आशा वर्षा-दोन वर्षांत मावळली. विमानं मात्र उरली, आणि ती सांभाळणाऱ्यांचं ज्ञानही. नेमकं कुठे तडकतं, कुठे गंजतं, हे आज माहीत असलेलं आहे. अगदी नव्या, मोजक्या बनलेल्या विमानाबद्दल इतकी खात्री देता येत नाही.

म्हणून तपासणी. नेहमीची वार्षिक नव्हे, खरेदीपूर्व, आणि दरवर्षी या विमानावर सही करणाऱ्या मेकॅनिककडून नाही. ज्याने जुनी लहान सेस्ना विमानं उघडून पाहिली आहेत असा दुसरा कोणी शोधा. त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः उभ्या राहा, हातात टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन. सीट काढायला लावा, खालचा पत्रा उघडायला लावा. पोलादी पाय धडात शिरतो तिथे दोन्ही बाजूंना पत्र्याची एक मजबूत चौकट असते, तिला गिअर बॉक्स म्हणतात. तुमचं विमान चांगलं की वाईट हे मोठ्या प्रमाणात तिथे ठरतं. कोपऱ्यांत केसासारख्या चिरा आहेत का, रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, डोक्याभोवती काळसर फराटे आहेत का, ते बघा. असा फराटा म्हणजे सैल झालेल्या रिव्हेटमुळे अॅल्युमिनियम घासून झालेली भुकटी. नवा रंग दिसला तर का दिला ते विचारा. नंतर शेपटीकडे जा, मागच्या चाकाची पट्टी जिथे बोल्टने जोडली आहे तिथे हीच तपासणी. शेपटीच्या पोकळीत वास घ्या. उंदरांनी घर केलं असेल तर त्यांच्या मुताने अॅल्युमिनियम पोखरलेलं असतं, आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही.

पंखांच्या कापडाला तुम्ही नाक मुरडलंत, पण ते काही जुनाट अडगळ नाही. आज लावतात ते बहुधा पॉलिएस्टर असतं आणि नीट रंगवून हँगरमध्ये ठेवलं तर दीर्घकाळ टिकतं. त्याचा शत्रू ऊन. कापड कधी बदललं त्याची नोंद काढा, दाबून मजबुती तपासून घ्या, आणि पंखाच्या तपासणी-झडपांतून आत स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून आधार देणारा दांडा, जोडलेल्या जागा आणि पंखाच्या फासळ्या, म्हणजे रिब्स, बघा. कापड बदलायची वेळ आली असेल तर तो खर्च किमतीत धरा, कारण पंख उतरवून, उघडून, आतलं सगळं दुरुस्त करून पुन्हा कापड चढवणं हे महिन्यांचं काम आहे. या एका कारणासाठी हँगर हवाच. तुमच्याकडे जागेची सोय नसेल तर विमान घेण्याआधी ती करा. उघड्यावर ठेवायचं असेल तर माझा सल्ला बदलतो: घेऊ नका.

इंजिनाची मला कमी काळजी आहे. कॉन्टिनेन्टल सी-८५ हे साधं, सोशिक यंत्र आहे. चारही सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघा, तेलाच्या जाळीत धातूचे कण आहेत का बघा, आणि मागच्या दोन-तीन वर्षांत ते किती तास चाललं ते लॉगबुकात वाचा. रोज उडणारं जुनं इंजिन चालेल. महिनोन् महिने नुसतं उभं राहिलेलं, कमी तासांचं इंजिन ऐकायला छान वाटतं, पण आतून गंजलेलं असू शकतं. सर वयामुळे अलीकडे कमी उडत असतील, तेव्हा हे जरूर विचारा. आणखी एक: हे इंजिन कमी ऑक्टेनच्या इंधनासाठी बनलं होतं. आजच्या विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं त्याच्या स्पार्क प्लगवर साचतं, म्हणून प्लग वरचेवर काढून साफ करायची सवय लागेल.

त्याच्या कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, मात्र जपा. ही लहान कॉन्टिनेन्टल इंजिनं कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्यासाठी प्रसिद्ध आहेत. आत पेट्रोलची वाफ होताना हवा वीस-तीस अंशांनी गार होऊ शकते, त्यामुळे दमट, उबदार दिवशीसुद्धा आत बर्फ जमतं. लक्षण अगदी हळू येतं: आरपीएम थोडे उतरतात, तुम्ही नकळत थ्रॉटल पुढे करता, ते पुन्हा उतरतात. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढा. सुरुवातीला इंजिन आणखी खडखडेल आणि आरपीएम अजून घसरतील, कारण वितळलेलं पाणी आत जातंय. घाबरून हीट बंद करू नका. पॉवर कमी करून खाली येताना तर ती आधीच ओढलेली असू द्या.

लॉगबुकं शांतपणे, एकटीने, पहिल्या पानापासून वाचा. पंखाचं टोक दुरुस्त केल्याची नोंद दिसली आणि त्याच महिन्यात गिअर बॉक्सचं काम दिसलं, तर समजा ग्राउंड लूप झाला होता, तसा शब्द लिहिलेला असो वा नसो. इतक्या वर्षांत एखादा झाला असेल तर मी विमान नाकारणार नाही, पुष्कळ १४० च्या नशिबी तो आलेला असतो. दुरुस्ती कोणी केली, मंजूर पद्धतीने केली का, आणि त्यानंतर विमान किती उडलं, एवढं बघायचं. नोंदींमध्ये मोठा खंड असेल किंवा एखादं पुस्तकच गहाळ असेल, तर गोष्ट गंभीर आहे.

सरांशी व्यवहार. तुम्हाला संकोच वाटतो, कारण ज्यांनी शिकवलं त्यांच्याच वस्तूवर संशय घेतल्यासारखं होईल. मी त्यांच्या जागी असते तर माझी विद्यार्थिनी टॉर्च घेऊन सीटखाली शिरली नसती तर मला वाईट वाटलं असतं. उडण्याआधी प्रत्येक वेळी इंधनाची टाकी स्वतः उघडून बघ, कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नकोस, हे त्यांनीच तुम्हाला शिकवलं असणार. त्यांना सरळ सांगा: सर, मला विमान हवंय, तपासणी बाहेरच्या माणसाकडून करून घेते, त्यातून जे निघेल त्यावर किंमत बोलू. किंमत शक्यतो तिसऱ्या माणसाने काढलेली असू द्या. आणि एक गोष्ट मागून घ्या, जी कागदावर येत नाही: व्यवहार झाल्यावरही त्यांनी काही महिने अधूनमधून शेजारी बसावं. त्यांच्यासाठी हे विमान सोडणं सोपं नाही. तुमचीही त्यात सोय आहे, आणि विमा देणारे प्रशिक्षकासोबतचे तास मागतात तेव्हा ते असे सहज भरतात.

आता उंचापुरा नवरा. इथे हिशेब मांडायलाच हवा, कारण या विमानाची ही शंका कधीच सुटत नाही. १४० चं कमाल वजन ६५८ किलो. रिकाम्या विमानाचं वजन मूळ कागदावर चारशेच्या आसपास असलं तरी इतक्या वर्षांत रेडिओ, सीटचं कापड, रंगाचे थर चढत जातात आणि बरीचशी विमानं ४३०-४५० वर गेलेली असतात. तुमचं नवं वजन करून घ्या, जुन्या कागदावर विसंबू नका. ४४० धरलं तर उरले २१८. दोन्ही टाक्या भरल्या तर सुमारे ९५ लिटर, म्हणजे ६८ किलो. दोघांसाठी आणि सामानासाठी दीडशे किलो राहतात. तो ९० आणि तुम्ही ६० असाल तर जेवणाचा डबासुद्धा बसत नाही. मग टाक्या अर्ध्या ठेवायच्या. तासाला १९-२० लिटर धरले तर अर्ध्या टाकीवर दोन तासांहून थोडं जास्त, त्यातला अर्धा तास राखीव, म्हणजे दीड तासाच्या सहली. उन्हाळ्यात, उंचावरच्या धावपट्टीवरून, गवतावरून हेही जास्त होईल. थंड हवेत समुद्रसपाटीला मिनिटाला सुमारे २०० मीटर चढणारं विमान उन्हात निम्म्यावर येऊ शकतं, आणि झाडांची रांग धावपट्टीच्या टोकाला तिथेच असते. दोघांनी सामान घेऊन दूर जायचं हे तुमचं स्वप्न असेल तर हे विमान चुकीचं आहे, आणि कितीही प्रेम केलंत तरी चुकीचंच राहील. पण तुमच्या पत्रात दूर जाण्याचा एक शब्द नाही. वारा आहे, पाय आहेत, संध्याकाळ आहे. त्यासाठी हे पुरेसं आहे.

तो विमानात बसू शकतो का, हे बघायला उडायची गरज नाही. हँगरमध्ये नेऊन बसवा. खांद्याला खांदा लागेल, गुडघे कंट्रोल व्हीलला लागतायत का तेवढं बघा. लागत असतील तर त्याचं म्हणणं ग्राह्य आहे आणि ते विमान तुमच्या एकटीचं राहील, असं आधीच ठरवून घ्या. बसत असेल तर पहिली फेरी सकाळची, वारा पडलेला असताना, वीस मिनिटांची, आणि तुमची या विमानावरची सफाई सरांनी मान्य केल्यानंतर. भुरळ आहे की नाही हे वादाने त्याला पटणार नाही. तुम्ही तपासणीचा कागद, वजनाचा हिशेब आणि हँगरचं भाडं घेऊन त्याच्यासमोर बसलात तर मात्र तो वेगळ्या कानाने ऐकेल. भुरळ पडलेली माणसं हिशेब मांडत नाहीत.

घेतल्यावर विमानात काय बदलू नका, हेही लिहिते. उपकरणांचे नवे रंगीत स्क्रीन, महागडी उपकरणं हे काही सुचवणारे भेटतील. या विमानात बाहेर बघायचं असतं, आणि प्रत्येक किलोची किंमत तुम्ही वर पाहिलीत. पण दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात करा. जुन्या १४० मध्ये फक्त कमरेचा पट्टा असेल तर खांद्याचे पट्टे मंजूर पद्धतीने बसवून घ्या. लहान विमान आपटतं तेव्हा डोकं पॅनेलवर आदळून होणारी इजा यांनी टळते. आणि कार्बन मोनॉक्साइड दाखवणारं उपकरण डोळ्यांसमोर लावा. केबिन गरम करणारी हवा एक्झॉस्टच्या भोवतीने येते, तिथे चीर पडली तर हा विषारी वायू आत येतो, आणि त्याला वासही नसतो.

वाऱ्याची मर्यादा लिहून काढा आणि ती तुमचीच असू द्या, सरांची नको. आडवा वारा ताशी दहा किलोमीटरच्या वर असेल तर सध्या एकटीने नाही. पुढे प्रशिक्षक शेजारी असताना ती थोडी थोडी वाढवा. तुमच्या पायांनी एक झोत परतवला, याचा आनंद मानाच. दुसरा झोत येईल तेव्हा तुम्ही थकलेल्या असाल, धावपट्टी ओली असेल, शेजारी सर नसतील. त्या दिवशी दुसऱ्या धावपट्टीवर जाणं किंवा घरी बसणं हेही याच विमानावरच्या प्रेमात बसतं.

आधी लॉगबुकं मागून घ्या, मेकॅनिक नंतर शोधा. पुस्तकं वाचून झाली की मेकॅनिकला कुठे बघायला सांगायचं ते तुम्हालाच कळेल. आणि तपासणीचा अहवाल आला की मला कळवा. गिअर बॉक्सबद्दल तो काय लिहितो आणि चाकांचे ते जोड आहेत की नाहीत, हे मला वाचायचं आहे. त्यावर किमतीचं बोलायचं असेल तर पुन्हा लिहा.